गुलमर्गला एकटीने

देवळाली कॅम्पातल्या बाईसाहेबांनी मला त्या दोन लांब फळ्या दिल्या, तेव्हा त्यातली एक मोडलेली होती. तिचं वर वळलेलं टोक गेलं होतं आणि उरलेल्या भागाला हातभर चीर पडली होती. बाईसाहेब विलायतेला परत चालल्या होत्या. त्यांचे यजमान लष्करात डॉक्टर होते, ते निवृत्त झाले होते. बंगल्यातलं सामान व्हरांड्यात मांडून ठेवलं होतं आणि कॅम्पातली माणसं येऊन हवं ते घेऊन जात होती. मी दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांना मराठी शिकवायला जात असे. जाता जाता तुला काय देऊ, असं त्यांनी विचारलं आणि मी भिंतीला टेकवलेल्या त्या फळ्यांकडे बोट दाखवलं.

फळ्या कशाच्या आहेत ते मला ठाऊक होतं. शिकवणीचा कंटाळा आला की बाईसाहेब काश्मीरच्या गोष्टी सांगत. तिथे गुलमर्ग नावाच्या ठिकाणी हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतो आणि माणसं या फळ्या पायांना बांधून डोंगरावरून घसरत खाली येतात. त्याला स्कीइंग म्हणतात. बाईसाहेब स्वतः तीन हिवाळे जाऊन आल्या होत्या. एकदा त्यांनी मला व्हरांड्यातल्या सतरंजीवर गुडघे वाकवून उभं केलं होतं आणि खांद्याला धरून पुढे झुकवलं होतं. त्यांचे पाय माझ्यासारखेच मोठे होते, त्यामुळे त्या दिवशी फळ्यांबरोबर जाड बूट आणि बांबूच्या दोन काठ्याही माझ्या पदरात पडल्या.

एक तर मोडकी आहे, तिचं काय करशील, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, दुरुस्त करून घेईन. मग त्या हसून म्हणाल्या, "आणि बर्फ?"

"बर्फ आहे तिथे मी जाईन," मी म्हणाले.

त्या हसायच्या थांबल्या. आत जाऊन त्यांनी एका कागदावर गुलमर्गच्या हॉटेलचा पत्ता लिहून आणला.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नाशिकला मुलींच्या एका शाळेत कवायत शिकवत होते. वडील नाशिकरोड स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते आणि आम्ही दोघं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी चौदा वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर सकाळचा स्वयंपाक अण्णा करत आणि संध्याकाळचा मी. लग्नाच्या दोन गोष्टी येऊन गेल्या होत्या. पहिल्या मंडळींनी नोकरी सोडायला सांगितली, त्याला मी नाही म्हटलं. दुसऱ्यांनी मला शाळेच्या पटांगणात लेझीम खेळताना पाहिलं आणि पुन्हा निरोप पाठवला नाही. त्यानंतर अण्णांनी तो विषय काढायचं सोडून दिलं.

कशाची कमतरता होती म्हणाल तर नव्हती. पण त्या दोन-तीन वर्षांत माझा पाय एका जागी ठरत नसे. शाळेचं पटांगण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझ्या पावलांनी पस्तीस पावलं होतं. मुलींना घेऊन मी ते दिवसातून कितीदा तरी चालत असे. भिंत आली की उलट वळायचं, पुन्हा भिंत, पुन्हा वळायचं. शाळा सुटल्यावर सरळ घरी जाववत नसे. काही काम नसताना पंचवटीच्या पुढे मळ्यांपर्यंत चालत जायची, तिथे पोचले की तिथूनही उठावंसं वाटायचं. मासिक वाचायला घेतलं तर चार पानांच्या पुढे जात नसे. अण्णा कधी मान वर करून विचारत, काय शोधते आहेस? मी म्हणे, काही नाही. आणि खरंच मला सांगता आलं नसतं.

फळ्या टांग्यात आडव्या घालून घरी आणल्या, त्या दिवशी अण्णांनी त्या बराच वेळ न्याहाळल्या. बर्फ म्हणजे त्यांना स्टेशनात भुशात गुंडाळून उतरणाऱ्या लाद्या माहीत. त्यावर माणूस उभा कसा राहणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल काढून ते जमिनीवर बसले. अण्णांना मुंबई ते रावळपिंडी सगळी जंक्शनं पाठ होती, पण स्वतः ते भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. मनमाड, भुसावळ, इटारसी, झाशी, आग्रा, दिल्ली, लाहोर असं बोट फिरवत ते रावळपिंडीला थांबले. पुढे रेल्वे नाही, मोटारीचा दोन दिवसांचा घाटरस्ता, असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. विषय संपला असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा तिथवरचा रस्ता बोटाखाली दिसला होता.

मोडकी फळी घेऊन मी तीन सुतारांकडे गेले. तिघांनीही टोक बघून मान हलवली. लाकूड कापून गोल करता येतं, पण वाकवायचं कसं, म्हणाले. मग भद्रकालीच्या मागच्या अंगाला टांगे बनवणारे एक मिस्त्री होते, त्यांच्याकडे जा असं कुणीतरी सांगितलं. मिस्त्री मुसलमान, साठीच्या घरातले, बोलायला कमी. घोड्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे टांग्याचे लांब दांडे ते वाफेवर वाकवत असत. त्यांनी मोडकी फळी हातात घेतली, चीर नखाने उघडून बघितली, चांगली फळी डोळ्यासमोर धरून तिचा बाक बघितला आणि मला विचारलं, हे वाहन आहे का?

मी म्हटलं, एका परीने आहे. त्यांनी मान डोलावली आणि काम घेतलं.

मोडकी जोडता येणार नाही, नवीनच करावी लागेल, असा त्यांचा निकाल पडला. त्यासाठी न तडकता वाकणारं धामणीचं लाकूड हवं. पेठकडच्या रानातून एक म्हातारा आणि त्याची सून बैलगाडीने मिस्त्रींना लाकूड आणून देत असत. भाताची कापणी झाल्याशिवाय ते डोंगरातून खाली उतरत नाहीत, तोवर थांबा, असं मिस्त्री म्हणाले. थांबणं मला फार जड गेलं. दर दोन दिवसांनी मी शाळा सुटली की कारखान्यात डोकावे. मिस्त्री न बोलता हात हलवून नाही म्हणत. एकदा त्यांच्या घरातून आतून आवाज आला, "बाईंना बसायला तरी सांगा. रोज दारातूनच परत जातात." त्या मिस्त्रींच्या पत्नी होत्या. मी त्यांना भाभी म्हणू लागले आणि पुढच्या सगळ्या खटपटीत त्यांचा हात मिस्त्रींपेक्षा जास्तच लागला.

लाकूड आलं तेव्हा मी शाळेत होते. गेले तर मिस्त्रींनी फळी रंधून तयार केली होती आणि तिचं टोक उकळत्या पाण्याच्या कढईवर ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवलं होतं. दुपारभर वाफ दिल्यावर त्यांनी ते काढलं आणि एका ठोकळ्यावर ठोकलेल्या खुंट्यांमधून हळूहळू दाबत वाकवलं. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं, पण तडकलं नाही. आठ दिवस ते तसंच खुंट्यांत अडकवून ठेवलं. सुटलं तेव्हा बाक हुबेहूब होता. वजन मात्र विलायती फळीपेक्षा अंमळ जास्त होतं. मिस्त्रींनी दोन्ही हातांत दोन फळ्या तोलून बघितल्या आणि म्हणाले, "बाई, डावीकडे ही बांधा. डावा पाय माणसाचा ऐकतो कमी, त्याला वजन असलेलं बरं." यात किती तथ्य होतं कोण जाणे. मी तसंच केलं.

दरम्यान मी हॉटेलला पत्र लिहिलं होतं. नाताळच्या सुटीत येऊ इच्छिते, जागा मिळेल का, शिकवायला कुणी आहे का. इंग्रजीत लिहिताना नावाची आद्याक्षरं, आडनाव आणि खाली कवायत शिक्षक एवढंच लिहिलं. उत्तर आलं ते 'प्रिय महाशय' असं. नाताळात हॉटेल भरलेलं असतं, पण लाकडी झोपडीत चार लष्करी अधिकारी उतरणार आहेत, त्यांच्यात पाचवा पलंग टाकता येईल, महाशयांची हरकत नसावी. अण्णांनी पत्र वाचून चष्मा काढला आणि पुसला. ते हसत नव्हते, पण हसू दाबत होते हे दिसत होतं.

मी दुसरं पत्र धाडलं. त्याचं उत्तर यायला बराच काळ गेला. ते दिवस मी कसे काढले ते शाळेतल्या मुलींना विचारावं, इतकं मी त्यांना पळवलं. अखेर कळलं ते असं, की बाई असाल तर झोपडीत सोय नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हॉटेलात एक लहान खोली रिकामी होईल. अंथरूण-पांघरूण स्वतःचं आणावं. सोबत कोण आहे ते कळवावं. मी उलट टपाली कळवलं की सोबत कोणी नाही.

जानेवारी म्हणजे शाळा चालू. बिनपगारी रजा मागायला मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? कोणी नाही. कुणाचं लग्न? कुणाचं नाही. मग मी खरं ते सांगितलं. त्या खिडकीतून पटांगणाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, की हे कमिटीला कळायचं नाही, अर्जात हवापालट असं लिही. मी लिहिलं. त्यांनी सही केली आणि कागद माझ्या हातात देताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

कपड्यांचा प्रश्न भाभींनी सोडवला. कवायतीला मी नऊवारी नेसत असे, पण बर्फात ती भिजून जड होईल असं बाईसाहेब सांगून गेल्या होत्या. भाभींनी कॅम्पातून आणलेल्या खाकी लष्करी घोंगडीची शलवार शिवली, घोट्यापाशी घट्ट बटणं लावून. वर माझा पुरुषी स्वेटर. ती घालून मी त्यांच्या माजघरात उभी राहिले, तेव्हा मला आपण आरशात दुसऱ्याच कुणाला बघतो आहोत असं वाटलं आणि ती दुसरी मला आवडली. भाभी स्वतः कधी मालेगावच्या माहेरापलीकडे गेल्या नव्हत्या. शलवारीचे दोरे दाताने तोडत त्यांनी विचारलं, तिथं बायका एकट्या फिरतात का? मी म्हटलं, इंग्रज बायका फिरतात. त्या म्हणाल्या, मग तुम्ही फिराल.

बर्फाशिवाय सराव कसा करायचा हे मिस्त्रींना सुचलं. पांडवलेण्यांच्या डोंगरामागच्या उतारावर दिवाळीनंतर गवत वाळून पिवळं पडतं आणि त्यावरून चप्पलही घसरते. रविवारी सकाळी मिस्त्री, भाभी आणि मी टांग्यातून तिकडे जाऊ लागलो. आपलं लाकूड कसं चालतं ते मिस्त्रींना डोळ्यांनी बघायचं होतं. फळ्यांना खालून मेण चोळून मी उतारावर उभी राहत असे. पहिल्या दिवशी मी बारा पावलांइतकीही घसरले नाही. गवतात रुतून तोंडावर पडले. दुसऱ्या वेळी उताणी. तळाला म्हशी चारणारा एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. तो मिस्त्रींना म्हणाला, "ह्या बाईला काय झालंय? चालत का नाय येत?" मिस्त्रींनी त्याला काय सांगितलं ते मला वरून ऐकू आलं नाही, पण त्यानंतर दर रविवारी तो आपणहून मोठे दगड बाजूला करून ठेवायचा.

डिसेंबरपर्यंत मी वरपासून खालपर्यंत न पडता येऊ लागले. फार तर पन्नास-साठ हात. अंगभर कुसळं टोचलेली असत आणि भाभी टांग्यात बसून ती एकेक उपटत. पण त्या पन्नास हातांत काहीतरी होत असे. वारा कानांत भरे आणि उतार संपला की मला रडावंसं वाटण्याइतका राग येई, की एवढाच होता.

घरी आता अण्णाच जास्त गुंतले होते. कुठल्या स्टेशनावर गाडी किती मिनिटं थांबते, कुठे पाणी चांगलं, बायकांचा डबा इंजिनापासून कितवा, हे त्यांनी गार्डांना विचारून एका वहीत उतरवलं होतं. पंजाबकडून आलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी घरी चहाला आणलं आणि रावळपिंडीच्या थंडीबद्दल तासभर विचारलं. संध्याकाळी मी भाकरी थापत असताना ते दारात बसून मोठ्याने वाचून दाखवत. सुरुवातीला मला बरं वाटलं. पुढे पुढे मला गुदमरायला होऊ लागलं. माझी वाट कुणीतरी माझ्याआधी चालून टाकतं आहे असं वाटे आणि तसं वाटल्याची लाज वाटे.

एके दिवशी मालधक्क्यावरून आल्या आल्या त्यांनी सांगितलं की रजा मंजूर झाली आणि रेल्वेचा पासही दोघांचा मिळेल. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की ते गेले महिनाभर 'आपण' म्हणत होते. इटारसीला आपण उतरून पाणी भरू. दिल्लीला आपण फलाटावरच थांबू. त्यांनी जुना कोट झटकून उन्हात टाकला होता, त्याच्याकडे मी बघत राहिले.

तीन दिवस मी ते तोंडात घोळवलं. चौथ्या दिवशी सकाळी ते पोहे करत होते, तेव्हा म्हटलं, "अण्णा, मला एकटीला जायचंय."

त्यांनी झारा कढईत तसाच ठेवला. "मी काय तुझ्या फळ्यांवर चढणार आहे? मी हॉटेलात बसेन."

"तुम्ही आलात तर मी तुमच्याबरोबर गेले असं होईल."

"मग त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. पण मग ते जाणं वेगळं. मला नीट सांगता येत नाहीये."

पोहे खाली लागल्याचा वास आला, तरी त्यांनी हलवले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझी आई असती तर तिने पाठवलं नसतं."

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

त्यांनी कढई उतरवली, हात धुतले आणि न खाता कामावर गेले. नंतरचा आठवडा आमच्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. दिवसातून दहादा मनात येई, म्हणावं चला अण्णा, बरोबर चला. आणि दहाही वेळा ते ओठांवर येऊन परत फिरे. रविवारी मी सरावाला गेले नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

आठवड्यानंतर त्यांनीच सांगितलं की रजा परत घेतली, कांद्याच्या वॅगनी लागणार आहेत, धक्क्यावर माणसं कमी पडतील. आमच्या दोघांनाही माहीत होतं की वॅगनी दरवर्षीच लागतात. मग त्यांनी फळ्या काट्यावर नेऊन वजन केलं, त्या पोत्यात शिवल्या आणि चिठ्ठी लिहायला बसले. मालाच्या नावाच्या जागी काय लिहावं हे त्यांना सुचेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा माल कधी बुक झाला नव्हता. शेवटी त्यांनी 'प्रवासाचे साहित्य' असं लिहिलं. एकच अट घातली, की प्रत्येक मोठ्या स्टेशनावरून कार्ड टाकायचं.

मी निघाले त्या दिवशी गाडी वेळेवर आली. अण्णांनी ब्रेकव्हॅनमध्ये फळ्या स्वतः चढवल्या. बायकांच्या डब्याच्या खिडकीशी येऊन ते उभे राहिले आणि माझ्याशी बोलायच्या ऐवजी आत बसलेल्या एका पंजाबी बाईंना हिंदीत सांगू लागले, की माझी मुलगी काश्मीरला चालली आहे, एकटी चालली आहे. ते सांगताना त्यांचा आवाज चढला होता. गाडी हलली तेव्हा ते चार पावलं बरोबर चालले आणि मग वळून सरळ मालधक्क्याकडे निघाले. मी वाकून बघितलं, त्यांनी मागे बघितलं नाही.

रावळपिंडीपर्यंत सगळं वहीत होतं तसंच झालं. पुढचं वहीत नव्हतं. मोटार वाटेतल्या डोमेलपर्यंत पोचली आणि वर घाटात बर्फाने रस्ता बंद झाला. डाकबंगल्यात आम्ही सहा उतारू तीन दिवस अडकून पडलो. खाली नदी गरजत होती, बाहेर नुसता पाऊस आणि गारठा, बर्फाचा कुठे पत्ता नाही. गुलमर्गसाठी माझ्या हातात सहा दिवस होते, त्यातले तीन तिथेच गेले. टपालही तिथेच अडकलं होतं. मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते, आणि एक लोकरीचे व्यापारी चिडून म्हणाले, की तुम्ही बसाल तर आमचंही डोकं शांत राहील. बसले. दोन मिनिटांनी परत उठले.

चौथ्या दिवशी रस्ता उघडला आणि मोटारीने मी गुलमर्गच्या पायथ्याशी तंगमर्गला पोचले. तिथून वर चालत जायचं होतं. फळ्या घ्यायला एक काश्मिरी हमाल मिळाले, अण्णांच्या वयाचे, अंगात लोकरीचा पायघोळ फिरन आणि पायांत गवताच्या चपला. देवदारांमधून वर चढता चढता एके ठिकाणी जमीन पांढरी झाली. मी वाकून बर्फ मुठीत घेतला. तो ओलसर आणि भुसभुशीत होता, चटका बसावा तसा हात झोंबला. इतक्या दिवसांची ओढ होती, पण त्या क्षणी मला आनंद झाला नाही, भीती वाटली. सगळीकडे इतकं शांत होतं की माझाच श्वास मला मोठा वाटत होता. आपण इथे कशाला आलो, असं स्पष्ट मनात आलं.

हॉटेलात माझी खोली जिन्याखाली होती. जेवणघरात माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही आणि मला ते बरंच वाटलं. स्कीइंग शिकवणारे एक साहेब तिथे असत, ते आजारी पडून श्रीनगरला गेले होते. पहिले दोन दिवस मी हॉटेलासमोरच्या उतारावर त्या हमालचाचांच्या सोबतीने पडत होते. गवतावर शिकलेलं निम्मंअधिक निरुपयोगी ठरलं, कारण बर्फ थांबू देत नाही. मिस्त्रींची फळी जड असल्याने मी प्रत्येक वेळी डावीकडे ओढली जाऊन एका कुंपणात जाई. चाचांनी दोन्ही फळ्या उलटून बघितल्या आणि धामणीवर टकटक करून विचारलं, ये कहाँ की लकड़ी? मी म्हटलं, हमारे उधर की.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, वर जाऊ. दोन तास चढून आम्ही झाडांच्या वर मोकळ्या उतारावर पोचलो. चाचांनी पट्टे आवळले आणि बाजूला झाले. डावीकडची ओढ गृहीत धरून मी तोंड जरा उजवीकडे ठेवलं आणि काठ्या टेकल्या. किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. फार झालं तर एक मिनिट. पहिल्यांदाच उतार संपत नव्हता. पाय आपोआप वाकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या मिनिटात मला दुसरीकडे कुठे असावंसं वाटलं नाही. मग झाडं जवळ आली, थांबण्यासाठी मी मुद्दाम बसले आणि गुडघा पिरगळला.

चाचा वरून धावत आले. मी हसत होते आणि गुडघा धरून कळवळतही होते. त्यांनी मला उठवलं, तेव्हा मी वरच्या पांढऱ्या कड्याकडे बघून विचारलं, त्याच्या पलीकडे काय आहे? पूँछ, ते म्हणाले, पण या दिवसांत तिकडे कोणी जात नाही. मी विचारलं, मग कधी जातात? त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि फळ्या खांद्यावर घेतल्या.

दुसऱ्याच दिवशी उतरावं लागलं. परतीच्या वाटेवर रस्ता उघडा होता.

नाशिकरोडला गाडीतून लंगडत उतरले तर फलाटावर अण्णा आणि मिस्त्री शेजारी शेजारी उभे. डोमेलला टपाल अडकलं तेव्हा सहा दिवस माझं एकही कार्ड आलं नव्हतं. मिस्त्रींकडे तरी काही कळलं आहे का ते विचारायला अण्णा पत्ता काढत भद्रकालीच्या मागे गेले आणि मग रोज कामावरून सुटून तिथेच जाऊन बसू लागले होते. हे मला नंतर भाभींनी सांगितलं. दोघं काही फारसं बोलत नसत, म्हणाल्या, पण चहा दोनदा व्हायचा. अण्णा त्या पंधरवड्यात वाळले होते. माझ्या हातातली ट्रंक घेताना ते एवढंच म्हणाले की गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली.

घरी आल्यावर त्यांनी गुडघ्याला आंबेहळद उगाळून लावली. लावता लावता मान खाली घालूनच विचारलं, "मग? भागली का हौस?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. त्यांना हवं ते उत्तर मला दिसत होतं.

"नाही, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी लेप पुरता केला, कडेने जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली, गाठ मारली. मग म्हणाले की दोन दिवस तरी पाय खाली टेकवू नकोस, आणि चहा ठेवायला आत गेले.